आधी षड्ज, मग मोड
गिटारवर सोलो वाजवणाऱ्यांसाठी काही व्यवहारी सूचना

गिटार शिकू लागून दोन-तीन वर्षे लोटली, बोटांना कॉर्ड सरावाच्या झाल्या, पेंटाटॉनिकच्या एखाद्या चौकटीत चार सुरेल वाक्ये जुळवता येऊ लागली, की बहुतेक वादकांच्या हाती कोठून तरी एक तक्ता पडतो, ज्यावर आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन आणि लोक्रियन अशी सात अपरिचित नावे व त्यांखाली ठिपक्यांच्या सात आकृत्या छापलेल्या असतात. आणि तो तक्ता महिनाभर घोकून मुखोद्गत केल्यावरही सोलो पूर्वीसारखाच वाजतो असे अनुभवास आले, की त्यांच्या मनात जी शंका उभी राहते, तीच वाचकांकडून आमच्याकडे वरचेवर येत असते : ‘सातही मोडांत स्वर तेच असतील, तर फरक नेमका कशात आहे, आणि वाजवताना त्याचा उपयोग तरी काय?’

शंका रास्त आहे, आणि तिचे समाधान आपल्याकडे तंबोऱ्याजवळ बसून चार-दोन वर्षे गाणे शिकलेल्या कोणाही मुलामुलीला न सांगता ठाऊक असते. स्वराचा रंग षड्जावरून ठरतो. तंबोरा ज्या पट्टीत जुळवला असेल तीत जो स्वर शुद्ध गंधार म्हणून गोड लागतो, तोच स्वर तंबोऱ्याची पट्टी बदलताच पंचम होतो, कोमल निषाद होतो किंवा मुळीच खपत नाही. गिटारवादकाची अडचण एवढीच, की त्याच्यामागे तंबोरा नसतो; त्याचा षड्ज बास गिटारच्या आणि कॉर्डच्या गर्दीत दडलेला असतो व तो त्याला स्वतःला हुडकून काढावा लागतो. हा शोध कसा घ्यावा, तो लागल्यावर मोड कसा निवडावा आणि निवडलेला मोड श्रोत्याच्या कानापर्यंत कसा पोचवावा, एवढ्याच तीन गोष्टींचा विचार येथे केला आहे.

तेच शिवार, निराळा खातेदार

पेटीवरच्या सर्व पांढऱ्या पट्ट्या घ्या : सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. खाली पांढरी एक, म्हणजे सी, धरून ठेवली तर हे सातही स्वर शुद्ध भासतील; त्याला मेजर स्केल किंवा आयोनियन म्हणतात. आता एकही पट्टी न बदलता खाली पांढरी दोन, म्हणजे डी, धरून ठेवा आणि तेच स्वर डीपासून मोजा; गंधार व निषाद कोमल झालेले आढळतील, आणि जे ऐकू येईल त्याला डोरियन म्हणतात. शिवार तेच, बांध तेच, विहीरही तीच. सातबाऱ्यावरील खातेदाराचे नाव तेवढे बदलले आणि त्यामुळे प्रत्येक तुकड्याचे त्याच्याशी असलेले नाते बदलले.

‘डी डोरियन म्हणजेच सी मेजर’ हे तक्त्यावरचे वाक्य म्हणून बोटांच्या सोयीचे आहे; कोणते पडदे दाबावयाचे हे त्यावरून चटकन कळते. परंतु कानाच्या दृष्टीने ते दिशाभूल करणारे आहे, कारण डी डोरियन वाजवताना तुम्ही मनात सीला घरधनी मानले, तर प्रत्येक वाक्य नकळत सीवर येऊन विसावेल आणि खालची साथ डीचा आग्रह धरून बसलेली असल्यामुळे ते वाक्य अधांतरी राहील.

सहा मोड तुमच्या ओळखीचे आहेत

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांच्या वर्गीकरणासाठी जे दहा थाट मानले, त्यांपैकी सहांची स्वरपंक्ती सातांपैकी सहा मोडांशी तंतोतंत जुळते. ती उजळ रंगाकडून गडद रंगाकडे लावली असता पुढीलप्रमाणे दिसते :

- लिडियन – कल्याण थाट. मध्यम तीव्र, बाकी सर्व शुद्ध.
- आयोनियन – बिलावल थाट. सर्व स्वर शुद्ध.
- मिक्सोलिडियन – खमाज थाट. निषाद कोमल.
- डोरियन – काफी थाट. निषाद व गंधार कोमल.
- एओलियन – आसावरी थाट. निषाद, गंधार व धैवत कोमल. गिटारवादक ज्याला साधे मायनर म्हणतात ते हेच.
- फ्रिजियन – भैरवी थाट. निषाद, गंधार, धैवत व ऋषभ कोमल.

प्रत्येक पायरी उतरताना एकच स्वर अर्ध्या स्वराने खाली येतो, आणि त्यांचा क्रम म, नी, ग, ध, रे असा आहे. हे पाच अक्षरांचे सूत्र पाठ केले की सात आकृत्यांचे ओझे डोक्यावरून उतरते. सातवा लोक्रियन यापुढची पायरी उतरतो व पंचमच खाली ओढतो. षड्जाला पंचमाचा आधार न उरल्यामुळे त्यात स्थिर बसणे कठीण, म्हणून आरंभीची काही वर्षे त्याचे प्रकरण तहकूब ठेवावे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. थाट म्हणजे राग नव्हे. डोरियन वाजवला म्हणजे राग काफी किंवा भीमपलास वाजवला असे होत नाही; रागाला आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि चलन असते, मोडाला यांपैकी काहीच बंधनकारक नसते. येथे थाटाचा आधार घेतला आहे तो कानाला ओळखीची खूण मिळावी एवढ्यापुरताच.

पहिली पायरी : एका तारेवर सहाही रंग

आकृत्या बाजूला ठेवा. गिटारची पाचवी तार, म्हणजे मोकळी ए, अंगठ्याने छेडून घुमत ठेवा. हा तुमचा तंबोरा. मग केवळ तिसऱ्या तारेवर पुढील पडद्यांवर स्वर शोधा :

- सा – दुसरा पडदा
- रे – कोमल तिसरा, शुद्ध चौथा
- ग – कोमल पाचवा, शुद्ध सहावा
- म – शुद्ध सातवा, तीव्र आठवा
- प – नववा
- ध – कोमल दहावा, शुद्ध अकरावा
- नी – कोमल बारावा, शुद्ध तेरावा
- तार सा – चौदावा

प्रथम कल्याणचे सात स्वर सावकाश वाजवा, मग वरील सूत्राप्रमाणे एकेक स्वर उतरवीत भैरवीपर्यंत या. एका तारेवर बोट डावी-उजवीकडे सरकत असल्यामुळे स्वरांमधील अंतर डोळ्यांना दिसते, हाताला कळते, आणि षड्ज खाली अखंड घुमत असल्यामुळे प्रत्येक उतरलेल्या स्वराबरोबर रंग कसा पालटतो हे कानाला पटते. पाचवी तार बंद पडू देऊ नका. आधाराशिवाय केलेला मोडाचा अभ्यास बहुतांशी वाया जातो.

दुसरी पायरी : तीन प्रश्नांत मोडाचा निकाल

समोर एखादे गाणे किंवा बॅकिंग ट्रॅक आले, की लगेच वाजवू लागू नये. ते दोनदा नुसते ऐकावे आणि जो एक स्वर आरंभापासून अखेरपर्यंत गुणगुणत राहिला तरी खपेल, व ज्यावर गाणे थांबले तर संपल्यासारखे वाटेल, तो पाचव्या किंवा सहाव्या तारेवर एका बोटाने शोधावा. तोच षड्ज. त्यानंतर पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत :

1. गंधार शुद्ध की कोमल? शुद्ध असल्यास मेजर घराणे, कोमल असल्यास मायनर घराणे.
2. मेजर घराणे असल्यास : निषाद कोमल आहे काय? असल्यास मिक्सोलिडियन. मायनर घराणे असल्यास : धैवत शुद्ध आहे काय? असल्यास डोरियन.
3. मेजर घराण्यात निषाद शुद्ध निघाला तर : मध्यम तीव्र आहे काय? असल्यास लिडियन, नसल्यास आयोनियन. मायनर घराण्यात धैवत कोमल निघाला तर : ऋषभ कोमल आहे काय? असल्यास फ्रिजियन, नसल्यास एओलियन.

कान अजून तयार नसेल तर कॉर्डचा दाखला घ्यावा. ए हा षड्ज धरल्यास साक्ष अशी मिळते :

- ए मायनर आणि डी मेजर – डी मेजरमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे धैवत शुद्ध, डोरियन.
- ए मायनर आणि एफ मेजर – धैवत कोमल, एओलियन.
- ए मायनर आणि बी फ्लॅट मेजर – ऋषभ कोमल, फ्रिजियन.
- ए मेजर आणि जी मेजर – निषाद कोमल, मिक्सोलिडियन.
- ए मेजर आणि बी मेजर – बी मेजरमध्ये डी शार्प आहे, म्हणजे मध्यम तीव्र, लिडियन.
- ए मेजर, डी मेजर आणि ई मेजर – आयोनियन.

मात्र कॉर्ड या साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. ए मेजर आणि बी मेजर याच दोन कॉर्ड कान ई मेजरच्या चौथ्या व पाचव्या म्हणूनही ऐकू शकतो, आणि बास गिटारने ए सोडला की लिडियन हातचा जातो. डी, सी, जी या तीन कॉर्डवर आधारलेल्या लिनर्ड स्किनर्ड यांच्या ‘स्वीट होम अलाबामा’ या गाण्याचा षड्ज डी मानावा की जी, यावर वादकांत आजही दोन पक्ष आहेत. अशा वेळी कोणती कॉर्ड अधिक काळ टिकते, आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर कोणती येते आणि बास कोठे परत जातो हे पाहून निर्णय घ्यावा, व तो सोलो संपेपर्यंत बदलू नये.

तिसरी पायरी : पेंटाटॉनिकमध्ये दोन स्वरांची भर

मोड शिकावयाचे म्हणजे आजवर कमावलेले पेंटाटॉनिक टाकून द्यावयाचे, अशी अनेकांची समजूत असते. ती सोडावी. मायनर पेंटाटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे सा, रे, ग, प, ध, ज्याला आपण भूपाचे स्वर म्हणून बालपणापासून ओळखतो. सोलोचा सांगाडा यांतूनच उभारावा आणि मोडाचा रंग उरलेल्या दोन स्वरांनी भरावा :

- मायनर पेंटाटॉनिक + शुद्ध रे, शुद्ध ध = डोरियन
- मायनर पेंटाटॉनिक + शुद्ध रे, कोमल ध = एओलियन
- मायनर पेंटाटॉनिक + कोमल रे, कोमल ध = फ्रिजियन
- मेजर पेंटाटॉनिक + शुद्ध म, शुद्ध नी = आयोनियन
- मेजर पेंटाटॉनिक + शुद्ध म, कोमल नी = मिक्सोलिडियन
- मेजर पेंटाटॉनिक + तीव्र म, शुद्ध नी = लिडियन

यातही प्रत्येक मोडाचा एक स्वर त्याची ओळख पटवणारा असतो : लिडियनचा तीव्र मध्यम, मिक्सोलिडियनचा कोमल निषाद, डोरियनचा शुद्ध धैवत, एओलियनचा कोमल धैवत, फ्रिजियनचा कोमल ऋषभ. हा रंगस्वर कोठे लावावा, याचे उत्तर वर दिलेल्या कॉर्डच्या यादीतच आहे. प्रत्येक जोडीतील दुसऱ्या कॉर्डमध्ये तो रंगस्वर बसलेला आहे. म्हणून ए मायनरवर पेंटाटॉनिकमध्ये सावकाश बोलत राहावे आणि डी मेजर येण्याच्या नेमक्या क्षणी एफ शार्पवर, म्हणजे तिसऱ्या तारेच्या अकराव्या पडद्यावर, उतरून तेथे किंचित रेंगाळावे. एवढ्या एका मुक्कामाने जो डोरियन उभा राहतो, तो सात स्वरांचे जिने शंभर वेळा चढून उतरूनही उभा राहत नाही.

ऐकून पाहावे असे चार दाखले

1. ‘सो व्हॉट’, माइल्स डेव्हिस, 1959. ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेतील ही रचना 32 मात्राखंडांची असून तीत पहिले 16 खंड डी डोरियन, पुढील 8 ई फ्लॅट डोरियन आणि शेवटचे 8 पुन्हा डी डोरियन आहेत. गिटारवर हा पालट एका पडद्याचा आहे, पण वाक्य मध्येच न तोडता तो करून पाहा, म्हणजे षड्ज हलणे म्हणजे काय हे कळेल.
2. ‘ओये कोमो वा’, सान्ताना, 1970. मूळ रचना टिटो प्यून्ते यांची. ए मायनर सेव्हन आणि डी नाइन या दोन कॉर्डवर बहुतेक डोलारा उभा आहे. वर सांगितलेला एफ शार्पचा मुक्काम येथे पारखून घ्यावा.
3. ‘नॉर्वेजियन वुड’, बीटल्स, 1965. मुख्य चाल मिक्सोलिडियन, आणि मधल्या भागात गंधार कोमल होऊन ती डोरियनकडे झुकते. षड्ज न हलता मोड कसा बदलतो याचा हा सोपा नमुना आहे.
4. ‘फ्लाइंग इन अ ब्लू ड्रीम’, जो सॅट्रियानी, 1989. लिडियनच्या तीव्र मध्यमाने वातावरण कसे तरंगते ते आरंभीच्याच वाक्यांत ऐकू येते.

नेहमी अडखळावयाच्या जागा

- प्रत्येक कॉर्डला निराळा मोड लावणे. ए मायनर, एफ, सी, जी अशी साधी मालिका असेल तर सातही स्वर अखेरपर्यंत तेच राहतात. तेथे दर कॉर्डला नवे नाव आठवण्यात मनाची शक्ती खर्च करू नये. त्या त्या कॉर्डच्या स्वरावर वाक्य टेकवावे, म्हणजे पुरते.
- पहिल्या स्वरापासूनच सुरुवात करणे. डीपासून डीपर्यंत वर-खाली गेल्याने डोरियन होत नाही. साथ सीची असेल तर तो सी मेजरच राहतो.
- ई सेव्हनकडे दुर्लक्ष करणे. ए मायनरमधील गाण्यात ई मेजर किंवा ई सेव्हन आली की तीत जी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद, असतो. तेवढ्या कॉर्डपुरता तोच स्वर घ्यावा आणि ती सरताच कोमल निषादावर परत यावे.
- चुकीच्या स्वरावर थांबणे. मेजर कॉर्डवर शुद्ध मध्यम हा शेजारच्या शुद्ध गंधाराशी झगडतो. तो जाता-येता घ्यावा, तेथे वस्ती करू नये.
- ब्लूजला मोडात कोंबणे. ब्लूजमध्ये साथीत शुद्ध गंधार वाजत असताना गायक-वादक कोमल गंधार घेतात, आणि तार ओढून या दोहोंच्या मधली जागाही दाखवतात. त्याची वहिवाट स्वतंत्र आहे. तिला डोरियन किंवा मिक्सोलिडियनचा शिक्का मारून काही साधत नाही.

तुमचे अधिकार

मोडाचा तक्ता म्हणजे सरकारी फर्मान नव्हे, आणि सोलो वाजवणाऱ्याला काही हक्क वहिवाटीने मिळालेले आहेत, ज्यांचा विसर पडू देऊ नये.

- निवडीचा हक्क. साथ केवळ ए मायनरवर घोळत असेल आणि धैवत कोणीच वाजवीत नसेल, तर तो शुद्ध घ्यावा की कोमल हे सर्वस्वी तुमच्या मर्जीवर आहे. एका आवर्तनात शुद्ध व दुसऱ्यात कोमल घेतला तरी कोणी हरकत घेऊ शकत नाही.
- विचारण्याचा हक्क. मंचावर चढण्यापूर्वी बास आणि कीबोर्ड वाजवणाऱ्यांना ‘षड्ज कोणता धरणार, आणि धैवत कोणता लावणार?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. दोघांनी दोन धैवत लावले म्हणजे जो कर्णकटू प्रकार घडतो, त्याचे खापर बहुधा सोलो वाजवणाऱ्याच्याच माथी फुटते.
- बाहेरचा स्वर घेण्याचा हक्क. मोडात नसलेला स्वर दोन स्वरांच्या मधला दुवा म्हणून खुशाल घ्यावा; पुढचा स्वर साथीशी जुळला की तो चूक न वाटता खुबी वाटतो.
- थांबण्याचा हक्क. सातही स्वर प्रत्येक वाक्यात हजर असलेच पाहिजेत असा दंडक नाही. रंगस्वर जितका क्वचित येईल तितका तो लक्षात राहतो.

एका महिन्याची तजवीज

रोज वीस मिनिटे मिळाली तरी पुढील क्रम निभावतो :

- पहिला आठवडा – पाचव्या तारेच्या आधारावर तिसऱ्या तारेवरील सहाही मोड. वाजवण्यापूर्वी प्रत्येक स्वर गाऊन पाहणे.
- दुसरा आठवडा – फक्त डोरियन. ए मायनर आणि डी मेजर या दोन कॉर्ड स्वतः ध्वनिमुद्रित करून त्यांवर पेंटाटॉनिक अधिक दोन स्वर.
- तिसरा आठवडा – फक्त मिक्सोलिडियन, ए मेजर आणि जी मेजरवर.
- चौथा आठवडा – रोज एक नवे गाणे घेऊन तीन प्रश्नांनी त्याचा मोड ठरवणे, आणि मगच त्यावर सोलो.

लिडियन आणि फ्रिजियन यांचे रंग ठळक असल्यामुळे ते प्रथमदर्शनी मोहात पाडतात. तरी त्यांना पुढील महिन्यात घ्यावे, कारण रोजच्या वादनात काम पडते ते अधिक करून डोरियन, मिक्सोलिडियन आणि साध्या मेजर-मायनरशी.

महिनाअखेर स्वतःची परीक्षा स्वतःच घ्यावी, आणि तिची रीत अगदी साधी आहे. केवळ सोलो, साथीवाचून, ध्वनिमुद्रित करा. तो दोन दिवस तसाच ठेवून द्या, आणि मग गिटार हाती न घेता ऐकत असताना ध्वनिमुद्रण मध्येच कोठेही थांबवून त्या क्षणी तोंडाने ‘सा’ लावून पाहा. साथ ऐकू येत नसतानाही गळा जर नेमक्या षड्जावर गेला, तर तुमच्या वाक्यांनीच तो षड्ज उभा केला होता असे निःशंक समजावे. गळा भलतीकडे गेला, तर नवी आकृती शोधण्यास न जाता पाचवी तार पुन्हा छेडावी आणि दुसऱ्या पडद्यापासून सुरुवात करावी.